व्हिडिओ, पायऱ्यांची चित्रं की लेयर्सची फाइल: कोणत्या ट्युटोरियलमागे जावं?

डिजिटल चित्रकला शिकणाऱ्यांच्या गटात नवं कुणी आलं की पहिली विचारणा ठरलेली: "एखादं चांगलं ट्युटोरियल सुचवा ना." थोड्याच वेळात लिंकांचा ढीग पडतो. त्यात दोन तासांचा व्हिडिओ असतो, एका लांबलचक पानावर बसवलेल्या आठ पायऱ्या असतात आणि एखाद्या उदार चित्रकाराची लेयर्ससकट (म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर) खुली फाइलही असते. तिन्हींना आपण ट्युटोरियलच म्हणतो, पण तिन्हींतून पदरात पडतं ते वेगवेगळं. म्हणून आधी आपलं घोडं कुठे अडलंय ते बघा: हातात, नजरेत, की पुढे काय करायचं ते ठरवण्यात?

हात अडला असेल तर व्हिडिओ

माझी लाइनआर्ट (कच्च्या स्केचवरून काढलेल्या अंतिम रेषा) कायम थरथरलेली यायची. पायऱ्यांची चित्रं कितीतरी पाहिली, पण प्रत्येकात कच्च्या स्केचनंतर थेट स्वच्छ रेषा. मधलं जे हवं होतं ते दोन चित्रांच्या फटीत हरवलेलं. मग प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये काम करणाऱ्या एका चित्रकर्तीचा व्हिडिओ पाहिला. गालाची एक रेष काढायला ती आधी कॅनव्हास फिरवून घ्यायची, म्हणजे रेष स्वतःच्या दिशेने ओढता येईल. मनगट स्थिर, हालचाल कोपरापासून. रेष बिनसली की दोन बोटांनी टॅप करून अन्डू आणि पुन्हा तीच रेष. त्या एका वळणासाठी तिने सात वेळा अन्डू केलं. हे सात प्रयत्न कुठल्याही स्थिर चित्रात दिसले नसते, आणि माझ्या दृष्टीने सगळा धडा त्यांच्यातच होता. स्टायलसवरचा (डिजिटल पेनवरचा) दाब, हाताचा वेग, ब्रश कधी उचलायचा या गोष्टींना व्हिडिओशिवाय पर्याय नाही.

पण व्हिडिओचा एक तोटा मोठा आहे. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. शिकवणारा ठरवतो आणि आपण मागोमाग ब्रश चालवतो. चित्र सुरेख होतं, पण दुसऱ्या दिवशी कोरा कॅनव्हास उघडला की सुरुवातच सुचत नाही. त्यामुळे व्हिडिओ एकदा हात बाजूला ठेवून पूर्ण बघावा, मग बंद करून आठवणीतून काढावं, आणि अडेल तेवढाच तुकडा पुन्हा लावावा. यूट्यूबवर वेग पाव पटीपर्यंत कमी करता येतो. ब्रशची हालचाल बघायला ती सोय फार कामाची आहे.

टाइमलॅप्सला (अख्खं काम भरभर दाखवणाऱ्या रेकॉर्डिंगला) मात्र ट्युटोरियल समजू नका. प्रोक्रिएट ते आपोआप रेकॉर्ड करतं, क्लिप स्टुडिओ पेंट या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, क्रिता या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आवृत्ती ५ पासून रेकॉर्डर आला. चार तासांचं काम एका मिनिटात दाखवलं की वेग २४० पट होतो. त्यातून उमेद मिळते, पण का आणि कसं याचं उत्तर त्या वेगात दिसत नाही.

निर्णय घ्यायला शिकायचं असेल तर पायऱ्यांची चित्रं

माझं झुकतं माप इथेच आहे. पायऱ्यांमधल्या रिकाम्या जागा आपल्याला भराव्या लागतात, आणि त्या भरता भरताच चित्रकला येते. मी पुढची पायरी झाकून ठेवते, आपल्या मनाने करून बघते, मग उघडून ताडून पाहते. चेहऱ्याच्या सावलीच्या एका पानावर असंच झालं. मी त्वचेच्या रंगात काळा मिसळून सावली केली होती आणि गाल मळल्यासारखा दिसत होता. पुढची पायरी उघडली, तर त्यात रंग गडद करताना तो थोडा लालसर बाजूला सरकवला होता आणि सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) किंचित वाढवलं होतं. शेजारीच काळा मिसळलेली सावली 'चूक' म्हणून दाखवलेली. माझी चूक जशीच्या तशी तिथे होती. आधी स्वतः चुकले नसते तर ते पान मी नुसतं चाळून पुढे गेले असते.

सोयीच्या बाबतीतही चित्रं पुढे. अर्ध्या स्क्रीनवर ठेवून काम करता येतं, हवी ती पायरी एका नजरेत सापडते, भाषा परकी असली तरी बरंचसं कळतं. वाईट पानं ओळखायलाही सोपी असतात: तिसऱ्या पायरीत साधे गोल आणि चौथीत तयार चेहरा. अशा पानावर वेळ घालवू नका. जिथे चूक आणि बरोबर शेजारी शेजारी दाखवलंय, तिथे थांबा.

नजर घडवायला लेयर्सची फाइल

हा प्रकार फार कमी जण शेअर करतात आणि त्याहून कमी जण उघडून बघतात, याची मला हळहळ वाटते. रात्रीच्या दृश्यातला एक दिवा मला भुरळ घालायचा. इतका उजेड कसा आला ते कळेना. फाइल मिळाल्यावर एकेक लेयर तिच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून लपवत गेले. उजेडाची लेयर अगदी फिकट निघाली, कमी ओपॅसिटीची, म्हणजे बरीचशी पारदर्शक. खरी करामत संपूर्ण चित्रावर पसरलेल्या जांभळट मल्टिप्लाय लेयरची (खालचे रंग गडद करणाऱ्या लेयरची) होती. ती बंद केली आणि दिवा विझल्यासारखा झाला. भोवतालचा अंधार दिव्याला उजळवत होता, आणि हे मला त्या एका क्लिकने दाखवलं.

फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय २०१४ पासून आपल्या 'पेपर अँड कॅरट' या वेबकॉमिकच्या क्रितातल्या मूळ फाइली खुल्या ठेवत आले आहेत, नाव देऊन कुणीही वापराव्यात अशा परवान्यासह. सुरुवात तिथून करायला हरकत नाही. फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरची असेल तर पीएसडी (फोटोशॉपची फाइल) बहुतेक ठिकाणी उघडते, पण अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालच्या चित्राचे रंग-उजेड बदलणारी) किंवा ब्रशची सेटिंग्ज जशीच्या तशी येतीलच असं नाही. अगदी नवशिक्याने मात्र यात पडू नये. साठ लेयर बघूनच दडपण येतं.

आणि तुम्हीच बनवणार असाल तर?

पहिलं ट्युटोरियल चित्रांचंच करा. एखादी पायरी कुणाला कळली नाही तर तेवढीच बदलता येते, व्हिडिओ पुन्हा रेकॉर्ड करावा लागतो. प्रत्येक पायरीवर ब्लेंड मोड (लेयर खालच्या रंगांत कशी मिसळते, जसं मल्टिप्लाय) आणि ओपॅसिटी लिहा. विकत घेतलेले ब्रश फाइलसोबत वाटू नका, फक्त त्यांचं नाव सांगा. आणि दुसऱ्याचं बघून केलेलं चित्र टाकताना मूळ कुणाचं ते वर लिहा, सोबत अडलेली पायरीही सांगा. "खूप छान" वाचून बरं वाटतं, पण "चौथी पायरी जमली नाही" यावर काम करता येतं. माझ्या केसांच्या ट्युटोरियलवर तिघींनी हेच लिहिलं. बघितलं तर मी तिथे बटांचे गट पाडणं, सावली आणि चमक अशी तीन कामं एकाच चित्रात कोंबली होती. आता त्या जागी तीन पायऱ्या आहेत.