मळ्यातलं घर, बिबट्या आणि फ्रिगेटचे अलर्ट: पावसाळा आणि ऊसतोडणी दोन्ही काढल्यानंतरचा अनुभव

आमचं घर जुन्नर तालुक्यात, गावठाणापासून लांब मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. घरी आई आणि आण्णा दोघंच, मी नोकरीमुळे चाकणला. कॅमेरे आधीपासून आहेत, एक ओट्यावर, एक गोठ्यावर, एक गेटकडे आणि एक विहिरीच्या वाटेकडे, आणि त्या सिस्टीमचे मोशन अलर्टसुद्धा मोबाईलवर यायचे. पण कसे, तर उसाचं पातं हललं की अलर्ट, मांजर गेलं की अलर्ट, रात्री कॅमेऱ्याच्या आयआर (इन्फ्रारेड) उजेडावर किडे जमले की रात्रभर टिंग टिंग. असं झालं की कुणीही नोटिफिकेशन बंदच करून टाकतो आणि नेमका ज्या रात्री फोन वाजायला पाहिजे त्या रात्री तो गप्प राहतो.

म्हणून फ्रिगेट लावलं. हे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं आणि चित्रात काय आहे ते ओळखणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि सगळं रेकॉर्डिंग आणि ओळखण्याचं काम घरातल्याच मशीनवर होतं, क्लाउडला काही जात नाही. मी इंटेल एन१०० चा छोटा मिनी पीसी घेतला, त्यातल्या ग्राफिक्सवर ओपनव्हिनो (इंटेलचं एआय चालवायचं सॉफ्टवेअर) वापरून चार कॅमेरे आरामात चालतात, ओळखण्याच्या कामासाठी मिळणारं वेगळं कोरल कार्ड घ्यायची गरज पडली नाही. शेजारी होम असिस्टंट (अलर्ट, टायमर, दिवे असं सगळं जोडणारं सॉफ्टवेअर), आणि पीसी, राऊटर, स्विच सगळं इन्व्हर्टरवर. ओळखायला कॅमेऱ्याची सब स्ट्रीम (कमी रिझोल्यूशनचं चित्र) द्यायची, सेकंदाला ५ फ्रेम पुरतात, आणि रेकॉर्डिंगला मेन स्ट्रीम (पूर्ण रिझोल्यूशनचं). इथपर्यंत कुणालाही जमेल, खरं काम त्याच्या पुढे आहे.

फ्रिगेट आधी बघतं की चित्रात हालचाल कुठे झाली, आणि मग फक्त तेवढ्याच भागात माणूस, कुत्रा, गाय, गाडी असं काय आहे ते तपासतं. बरेच जण सांगतात की झाडं हलतात त्या भागावर मोशन मास्क टाका, म्हणजे तिथली हालचाल मोजायचीच नाही असं सांगा, की कटकट मिटली. आमच्याकडे ते चालत नाही कारण बिबट्या येणार तो उसातूनच, उसाच्या कडेला मास्क टाकला तर जिथून धोका आहे तीच बाजू आंधळी होते. मी मास्क फक्त तारीख-वेळेच्या अक्षरांवर आणि वरच्या आभाळावर ठेवला, ऊस हलू दिला. सीपीयू थोडा जास्त खातो, खाऊ दे. पात्याला माणूस किंवा जनावर असं नाव लागत नाही तोपर्यंत फोन वाजत नाही.

झोन, म्हणजे चित्रात आपण आखून दिलेला भाग, आखताना एक गोष्ट नीट समजून घ्या. माणूस झोनमध्ये आहे की नाही हे त्याच्याभोवतीच्या चौकटीच्या खालच्या कडेच्या मध्यावरून ठरतं, म्हणजे साधारण पाय कुठे टेकलेत त्यावरून. त्यामुळे झोन जमिनीवर आखायचा, गेटच्या फळीवर नाही. आमच्या बांधापलीकडे माणूस उभा राहिला तर पाय झाकले जातात, चौकट कमरेपाशीच संपते आणि तो लांबच्या झोनमध्ये मोजला जातो, म्हणून तिथे झोन मागे वाढवून घेतलाय.

आता बिबट्या. फ्रिगेटसोबत जे मॉडेल येतं ते कोको नावाच्या डेटावर शिकवलेलं आहे, त्यात मांजर, कुत्रा, गाय, मेंढी, अगदी हत्ती, अस्वल, झेब्रा आणि जिराफ पण आहे, बिबट्या नाही. तो आला तर मॉडेल त्याला कुत्रा नाहीतर मांजर म्हणणार. मग मी नाव सोडलं आणि आकार धरला. गोठ्यामागच्या झोनला वेगळा फिल्टर लावला की कुत्रा किंवा मांजर ओळखलं आणि चौकट ठराविक मापापेक्षा मोठी असली तरच अलर्ट. माप काढायला आमच्या मोत्याला त्या जागेवर उभा करून चौकट बघितली आणि त्याच्यापेक्षा बरंच मोठं माप ठेवलं. हे झोननिहायच करावं लागतं, कारण जवळून गेलेलं मांजर आणि लांबून गेलेलं मोठं जनावर कॅमेऱ्यात सारखंच दिसतं.

तोडणी सुरू झाल्यावर त्याचा उपयोग झाला. शेजारचा फड तुटला होता, पहाटे तीनच्या सुमारास फोन अलार्मच्या आवाजात वाजला, फोटोवर लिहिलेलं "कुत्रा", पण चौकटीत लांबलचक अंग आणि जमिनीला टेकेल अशी शेपटी. लगेच घरी फोन लावला, "आई, दार उघडू नका, मागे वाघ आहे" (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात). गोठ्याला जाळी असल्यामुळे जनावरं वाचली. सकाळी १९२६ ला, वनविभागाच्या हेल्पलाईनला कळवलं, आणि त्यांना दाखवायला वेळेसकट क्लिप हातात होती.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो दुसरा अलर्ट, तो उलटा आहे. शेतीची थ्री फेज लाईट आमच्या फिडरला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात आण्णा बॅटरी घेऊन मोटर चालू करायला विहिरीवर जातात, कितीही सांगा, पाणी तर द्यावंच लागतं. त्या वेळी "माणूस दिसला" असा अलर्ट येऊन काय करू, तो माणूस म्हणजे आण्णाच. तर रात्री कुणी ओट्यावरून विहिरीच्या वाटेला गेलं की ४० मिनिटांचा टायमर सुरू होतो, परत आलं की बंद, नाही आलं तर मला आणि शेजारच्या चुलतभावाला अलर्ट. फ्रिगेटला हे आण्णा आणि ही आई असं कळत नाही, म्हणून टायमर तेव्हाच बंद होतो जेव्हा एकाच व्यक्तीच्या ट्रॅकमध्ये (सलग माग काढलेल्या हालचालीत) आधी वाट आणि मग ओटा असा क्रम येतो, नाहीतर आई नुसती बाहेर डोकावली तरी बंद झाला असता. एकदा अलर्ट आला तेव्हा मोटरने पाणी सोडलं होतं म्हणून आण्णा तिथेच खटपट करत बसलेले. फोनवर म्हणाले, "अरे एवढ्यासाठी कशाला फोन करतोस?" मी म्हटलं, "आण्णा, एवढ्यासाठीच करतोय, आधी घरी या."

त्रास आहेतच. पावसाळ्यात लेन्सवर कोळी जाळं करतो आणि आयआरमध्ये ते चांदीसारखं चमकतं, फडक्याला पर्याय नाही. मी गोठ्याच्या कॅमेऱ्याचा स्वतःचा आयआर बंद करून वेगळा आयआर दिवा लांब खांबावर लावला, किडे तिकडे गेले आणि पावसाच्या रेघाही कमी झाल्या. तुळशीच्या लग्नाला वृंदावनाला साडी नेसवली तर वाऱ्याने पदर हलला की "माणूस", तेही ०.७ च्या वर स्कोअर घेऊन, शेवटी तेवढ्या जागेवर माणसापुरता ऑब्जेक्ट मास्क टाकला, म्हणजे तिथे "माणूस" दिसला तरी धरायचा नाही. वासराला तर अजूनही कधी कधी कुत्रा म्हणतं.

चेहरा ओळखण्याची सोय नवीन व्हर्जनमध्ये आहे, मी लावली नाही. कामाला येणाऱ्या बायकांचे चेहरे साठवून ठेवणं मला पटत नाही, आणि शेजाऱ्यांचं अंगण दिसत होतं तो भाग कॅमेऱ्यातच काळा केलाय.

आण्णांना मी बजावून ठेवलंय की अलर्ट आला नाही म्हणजे बाहेर काही नाही असं समजायचं नाही. आमच्या कॅमेऱ्यांना रात्री जेमतेम वीसेक मीटरपर्यंत नीट दिसतं, धुक्यात त्याहून कमी. काठी, बॅटरी, मोबाईलवर गाणी लावून जाणं हे सगळं आधीसारखंच चालू आहे. नेट गेलं तर माझा फोन वाजणार नाही म्हणून घरात एक झिगबी (वायफायशिवाय चालणारं छोटं वायरलेस) सायरन आणि मागचा दिवा थेट होम असिस्टंटला जोडलाय, ते नेटशिवाय चालतं. आमच्या फायबरला पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता) मिळत नाही, बाहेरून बघायला टेलस्केल ही खासगी नेटवर्क (व्हीपीएन) सेवा वापरतो, कॅमेऱ्याचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नका.

कॅमेरे नव्याने घेणार असाल तर आरटीएसपी (दुसऱ्या सॉफ्टवेअरला व्हिडिओ द्यायची पद्धत) देतो का हे दुकानातच विचारा, काही स्वस्त वायफाय कॅमेरे फक्त त्यांच्या ॲपमध्येच दिसतात आणि मग यातलं काहीच करता येत नाही. वायर शंभर मीटरच्या आत बसत असेल तर पीओईच (एकाच नेटवर्क वायरीतून वीज आणि डेटा) घ्या. आमची विहीर त्याहून लांब आहे, तिथे वायरलेस ब्रिज (समोरासमोर अँटेना लावून वायरीशिवाय नेटवर्क नेणं) टाकून पाचवा कॅमेरा लावायचाय, ऊस वाढून आडवा यायच्या आत.