बोट पाहिलीच नाही, डिपॉझिट मात्र परत आणलं: सात महिन्यांनंतरचा अनुभव

बोटीचा रिव्ह्यू लिहायचा तर मी ती फोटोतच पाहिली. पोहण्याचा तलाव कसा, जेवणाला चव आहे का, काही सांगता येणार नाही. मी वापरली ती फक्त कॅन्सलेशन पॉलिसी, आणि ती ऑक्टोबर ते मार्च अशी पुरेपूर वापरली.

बुकिंग ऑगस्ट २०२५ मधलं. आम्ही दोघं आणि साडू-मेव्हणी. सिंगापूरपर्यंत विमान, तिथून चार रात्रींची क्रूझ, पेनांग-फुकेत करून परत. तारीख २४ जानेवारी २०२६ घेतली, कारण संक्रांतीला आमच्या सोलापुरातला सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा चुकवायचा नाही ही आमच्या हिची अट. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावची माणसं पाण्यात राहायला निघाली म्हणून कॉलनीत चेष्टाही झाली. शेंगा चटणी बोटीवर नेऊ देतात का, यावर घरात जेवढी चर्चा झाली त्याच्या निम्मी जरी अटींच्या कागदावर झाली असती, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

टूर कंपनी पुण्याची, इथे तिची फ्रँचायझी. नाव लिहीत नाही. माणशी १,१०,००० प्रमाणे चौघांचे ४,४०,०००. डिपॉझिट २५ टक्के, म्हणजे १,१०,०००. परदेशी पॅकेज असल्यामुळे त्यावर तेव्हाच्या दरानं ५ टक्के टीसीएस (टूर कंपनीनं आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा आगाऊ कर), ५,५०० रुपये. एकूण १,१५,५००. पैकी ६०,००० मुलाच्या क्रेडिट कार्डवरून दिले आणि ५५,५०० माझ्या खात्यातून. साडूंनी त्यांचा निम्मा वाटा मला रोख दिला. ही फोड लक्षात ठेवा, पुढे तिनंच डोक्याला ताप दिला.

भाऊबीजेच्या दिवशी साडूंच्या छातीत दुखायला लागलं. तीन ब्लॉकेज निघाले, बायपास ठरली. शनिवारी, २५ ऑक्टोबरला सकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून फ्रँचायझीतल्या पोराला फोन लावला. "काय टेन्शन घेऊ नका काका, आधी पेशंट बघा. दिवाळीची सुट्टी चालू आहे, सोमवारी सिस्टीमला टाकतो की." पोरगं मनानं चांगलं. त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

पण मी एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिले आहेत. फोनवर काहीही ठरलं की फोन ठेवल्या ठेवल्या ते लिहून पाठवायचं, ही तिथली सवय. पार्टी पुढच्या महिन्यात "असं कुठं म्हटलं होतं?" म्हणतेच. तर तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर बुकिंग नंबर टाकला, चौघांची नावं टाकली आणि लिहिलं, "हे बुकिंग आजपासून रद्द समजावे. रक्कम ज्या खात्यांतून आली त्याच खात्यांत परत करावी." वेळ ११ वाजून ४० मिनिटं. त्यानं उत्तरात अंगठा टाकला.

सोमवारी रात्री कंपनीचा ईमेल आला. रद्द केल्याची तारीख २७ ऑक्टोबर. आता पॉलिसी ऐका. निघायला ९० किंवा जास्त दिवस असतील तर माणशी ५,००० कापून डिपॉझिट परत. ८९ ते ६० असतील तर निम्मं. त्याच्या आत काहीच नाही. २४ जानेवारीपासून मागे मोजलं तर २६ ऑक्टोबरला ९० दिवस भरतात. म्हणजे शनिवारी ९१ होते आणि सोमवारी ८९. शनिवार धरला तर ९०,००० यायचे, सोमवार धरला तर ५५,०००. त्यांच्या दिवाळीच्या सुट्टीतला एक रविवार आम्हाला ३५,००० ला पडत होता.

मी मेसेजचा फोटो पाठवला. उत्तर आलं, व्हॉट्सॲप हे अधिकृत माध्यम नाही. दोन दिवसांनी एका गोड आवाजाच्या मॅडमचा फोन: "सर, आम्ही तुम्हाला पूर्ण १,१०,००० ची क्रेडिट नोट देतो ना, एक रुपयाही कट नाही." ऐकायला छान वाटलं. पण ते पैसे नव्हेत, त्यांच्याच पुढच्या टूरला वळते करायचा कागद. मुदत एक वर्ष, दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही, वापरली नाही तर बुडाली. अहो, माल परत आला की क्रेडिट नोट काढतात हे मला माहीत आहे. पण पैसे आधीच घेतले आणि माल दिलाच नाही, तिथे क्रेडिट नोट कसली? छाती उघडून शिवलेला माणूस वर्षभरात बोटीवर चढेल का, हे त्याच्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. मी नको म्हटलं, आणि नको म्हटल्याचाही ईमेल टाकला.

नोव्हेंबरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला. मराठीत बोलता येतं, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर मिळतो, तक्रार कंपनीकडे जाते. मात्र हे कोर्ट नव्हे, हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नाही. कंपनीनं "पॉलिसीनुसार कार्यवाही केली आहे" असं एका ओळीत उत्तर देऊन हात झटकले. तरी त्या फोनचा उपयोग झाला: डिसेंबरच्या मध्यात ५५,००० माझ्या खात्यात आले. तोवर तेही अडवून धरले होते.

इथे सगळ्यात सावध राहायची जागा आहे. पैशांसोबत ईमेल होता: "रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून मिळाली, असे उत्तर द्यावे." मुलगा म्हणाला, "बाबा, टाका ओके आणि संपवा." मी लिहिलं, "५५,००० अंशतः मिळाले. ३५,००० येणे बाकी." या दोन वाक्यांवर पुढचे तीन महिने उभे राहिले.

मग एका वकील मित्राला चहाला बोलावलं. कंपनीच्या अटींत होतं की वाद फक्त पुण्याच्या न्यायालयात चालेल. तो हसला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. स्वतः उभं राहता येतं, वकील लागतोच असं नाही. (हे सांगून त्यानं स्वतःचंच गिऱ्हाईक घालवलं.) जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, मी कंपनीला स्पीड पोस्टानं दोन पानी पत्र पाठवलं. त्यात रागाचा एक शब्द नाही. तारखा, मेसेज, अंगठा, दिवसांचा हिशेब आणि एक मागणी: क्रूझ कंपनीनं तुमच्याकडून नेमके किती कापले त्याचा कागद दाखवा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर सोलापूरच्या आयोगात येतो. माझ्या मते तो कागद मागणं त्यांना जास्त झोंबलं. मधली कंपनी नेहमी "वरून कापलं" म्हणते, पण किती वरून आणि किती मधून, हे कुणी विचारत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेसेज आला, ३५,००० परत केले. आलेच नाहीत. मुलाच्या कार्डाची मुदत फेब्रुवारीत संपून नवीन कार्ड आलेलं, आणि रक्कम जुन्या कार्डावर गेलेली. कंपनी म्हणते दिले, बँकेचा कॉल सेंटरवाला म्हणतो दिसत नाहीत. आठ दिवस हा टोलवाटोलवीचा खेळ चालला. शेवटी बँकेतल्या एका बाईंनी सांगितलं, कंपनीकडून एआरएन मागा. हा २३ आकडी नंबर असतो, कार्डावरच्या रिफंडचा माग त्यावरून लागतो. तो मिळाला आणि दोन दिवसांत रक्कम नव्या कार्डाच्या खात्यात दिसली. रिफंड कार्डावर येणार असेल तर "केला" या शब्दावर समाधान मानू नका, पहिल्याच दिवशी हा नंबर मागा.

तारे द्यायचेच तर फ्रँचायझीतल्या पोराला तीन, कंपनीला एक, १९१५ ला साडेतीन. पॉलिसीला मी नावं ठेवणार नाही. माणशी ५,००० कापणार हे छापलेलं होतं, मी सही केली होती, ते २०,००० गेले ते गेले. माझं भांडण तारखेशी होतं. पुन्हा बुकिंग केलंच तर कॅन्सलेशन कोणत्या ईमेलवर पाठवलं म्हणजे पोचलं धरतात, आणि सुट्टीच्या दिवशी आलेलं कधीचं मोजतात, हे पैसे भरण्याआधी लिहून घेईन.

ते २०,००० कुणी सोसायचे, यावरून घरात थोडं झालं. मेव्हणी म्हणत होती, आमच्यामुळे रद्द झालं, सगळे आम्ही सोसू. ही ऐकेना. शेवटी निम्मे-निम्मे ठरले आणि साडूंना ४५,००० दिले. ते आता रोज सकाळी कंबर तलावाला दोन फेऱ्या मारतात, सिंगापूरचं नाव काढत नाहीत.

राहता राहिला टीसीएस. तो कंपनीनं परत केला नाही, सरकारजमा झाला होता. पावती माझ्या पॅनवर असल्यामुळे माझ्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) ५,५०० दिसतात, यंदाच्या रिटर्नमध्ये मागून घेईन. त्यातले २,७५० साडूंचे. वहीत त्यांच्या नावे जमा लिहून ठेवलेत.