डॉक्टरच्या खिशातला पत्त्यांचा कॅट: बायसिकल रायडर बॅक

व्यवसायाने डॉक्टर आणि हौसेने जादूगार असलेल्या माणसाला सरावासाठी सलग तासभर क्वचितच मिळतो. दोन शस्त्रक्रियांमधली सवड किंवा रात्रपाळीतली शांत वेळ, एवढ्यातच त्याला हात बसवावा लागतो, आणि म्हणून पेट्या, पडदे व मदतनीस लागणारे प्रयोग बाजूला पडून त्याच्याकडे पत्त्यांचा कॅट तेवढा उरतो. ही जोडी काही नवी नाही: १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स स्थापन झाली, तेव्हा सरम एलिसन आणि गोल्डन मॉर्टिमर हे दोन डॉक्टर त्यात पुढे होते.

पत्त्यांचा ‘बायसिकल’ हा अमेरिकन छाप १८८५ सालचा. त्याच्या रायडर बॅक, म्हणजे पाठीवर सायकलस्वाराची नक्षी असलेल्या, पत्त्यांच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक खळगे असतात. त्यांत हवा राहत असल्यामुळे पत्ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि पंख्यासारखे सारख्या अंतरावर उलगडतात. दिवसभर अल्कोहोलयुक्त द्रावणाने हात चोळून बोटांची कातडी कोरडी पडलेल्या डॉक्टरला हा गुण दुधारी वाटेल, कारण पत्ते मोकळे सुटतात, परंतु वरचा एकच पत्ता अंगठ्याने सरकवायला बोटाला किंचित ओलावा लागतोच. सरावाआधी थोडे मलम चोळून ते पूर्ण जिरू दिले, तर पकड बरीच सुधारते. डॉक्टर जेकब डेली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चार एक्क्यांवर चालणाऱ्या प्रयोगात तर सगळी मदार या पकडीवरच असते.

कागदी पत्ते धुता किंवा नीट निर्जंतुक करता येत नाहीत, त्यामुळे वॉर्डातल्या रुग्णांच्या हाती हा कॅट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लॅस्टिकचे पत्ते पुसता येतात खरे, पण ते फार निसरडे असतात आणि हातचलाखीला हवी तशी साथ देत नाहीत; रुग्णालयात मी नाण्यांचे प्रयोग पसंत करतो, कारण नाणी साबणाने धुता येतात.

रंगमंचासाठी मात्र ६३ बाय ८८ मिलिमीटरचा हा पत्ता अपुरा पडतो. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला बदामची सत्ती आहे की अठ्ठी, हे कळत नाही, आणि तिथे मोठ्या आकाराचे पत्ते वेगळे घ्यावे लागतात.