मेथोट्रेक्झेट पुरेना, आता पुढे काय? ट्रिपल, इंजेक्शन की जॅकची गोळी

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी आईच्या फाइलवर ‘डीएएस २८ : ४.९’ एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. डीएएस २८ म्हणजे अठ्ठावीस सांधे तपासून काढलेला आजाराच्या जोराचा आकडा, तो जितका खाली तितका आजार शांत. आमवातावरचं मेथोट्रेक्झेट सुरू होऊन सात महिने झाले होते, तरी सकाळचा दीड तास तिच्या मुठी मिटत नव्हत्या. कुकरचं झाकण बाबा लावायचे. पोळ्यांना बाई ठेवली होती आणि त्या बाईच्या पोळ्यांवरून घरात रोज कुरकुर. “अजून औषध जोडावं लागेल. तीन रस्ते आहेत, घरी बोला आणि मला सांगा,” डॉक्टर म्हणाले.

एक रस्ता ‘ट्रिपल’चा, म्हणजे मेथोट्रेक्झेटच्या जोडीला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. दुसरा बायोलॉजिकचा, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं इटानरसेप्ट किंवा अडालिमुमॅबसारखं इंजेक्शन. तिसरा जॅक गटातल्या गोळीचा, म्हणजे पेशींच्या आतला सुजेचा निरोप अडवणारी टोफासिटिनिब वगैरे. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. पण आकडे वाचायची सवय आहे, म्हणून महिनाभर या औषधांच्या चाचण्या वाचत बसले. तेव्हापासून ओळखीतले दोघं-तिघं हेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

हे सगळं आमवाताबद्दल आहे, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल. आपल्याकडे झिजलेला गुडघा, गाऊट आणि आमवात या सगळ्यांना मिळून ‘संधिवात’ म्हणतात आणि शेजारीण आपल्या गुडघ्याचं औषध आईला सुचवते. आजार तसा दुर्मीळही नाही. भिगवण आपल्याला फ्लेमिंगोंमुळे माहीत. तिथेच १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. त्यात आमवाताचं प्रमाण साधारण ०.५ टक्के निघालं, म्हणजे दोनशे माणसांत एक.

आधी मेथोट्रेक्झेटचाच हिशेब

नवं औषध जोडण्याआधी जुनं खरंच हरलंय का ते बघा. डोस किती आहे? पंधरा मिलिग्रॅमवरच अडकलाय का? गोळीने मळमळ होते म्हणून अधूनमधून चुकवली जाते का? आमच्याकडे रविवारी रात्री गोळ्या आणि सोमवारी सकाळी ‘मला चहाचा वास नको’ हा कार्यक्रम ठरलेला होता. मग कळलं की दोन रविवार तिने सरळ बुडवले होते. असं असेल तर तेच औषध पोटाच्या कातडीखाली टोचून घेता येतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका चाचणीत ३८४ रुग्णांना १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्झेट दिलं, निम्म्यांना गोळीने, निम्म्यांना इंजेक्शनने. २४ आठवड्यांनी किमान २० टक्के सुधारणा गोळीवाल्यांपैकी ७० टक्क्यांत आणि इंजेक्शनवाल्यांपैकी ७८ टक्क्यांत दिसली. फरक डोळे दिपवणारा नाही, पण स्वस्त आहे.

आणि हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही. आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याने एकदा पाकिटावर सवयीने ‘रोज १’ लिहून दिलं होतं. रोज घेतल्यास रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. कॅलेंडरवर वाराला गोल करा आणि फॉलिक ॲसिड विसरू नका.

ट्रिपल : जुनं, स्वस्त आणि गोळ्याच गोळ्या

हा मेळ अमेरिकेत नेब्रास्काच्या जेम्स ओडेल यांनी पुढे आणला. १९९६ च्या त्यांच्या चाचणीत १०२ रुग्ण होते. दोन वर्षांत ५० टक्के सुधारणा टिकवणारे ट्रिपल घेणाऱ्यांत ७७ टक्के निघाले, नुसत्या मेथोट्रेक्झेटवर ३३ टक्के. तेव्हा बायोलॉजिक बाजारात यायची होती. ती आल्यावर सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि ट्रिपल मागे पडलं, कारण या जुन्या गोळ्यांची जाहिरात करायला कुणी कंपनी नव्हती.

मग त्याच ओडेल यांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. २०१३ मध्ये आलेली ‘रॅकॅट’ ही चाचणी मला सगळ्यांत पटली. मेथोट्रेक्झेट पुरत नसलेले ३५३ जण, म्हणजे नेमकी आईचीच परिस्थिती. निम्म्यांना ट्रिपल, निम्म्यांना मेथोट्रेक्झेट आणि इटानरसेप्ट. प्रत्येकाला गोळ्याही आणि सुईही, एक खरी आणि एक खोटी, म्हणजे कोण काय घेतंय ते ना रुग्णाला कळावं ना डॉक्टरला. २४ आठवड्यांनी ज्यांना फरक नव्हता त्यांना गुपचूप दुसऱ्या गटाचं औषध दिलं. अशी बदली दोन्हीकडे २७ टक्क्यांचीच झाली. वर्षाच्या शेवटी डीएएस ट्रिपलवाल्यांचा सरासरी २.१ ने उतरला, इटानरसेप्टवाल्यांचा २.३ ने. एक्स-रेमध्येही मोठा फरक नाही. पुढे याच चाचणीचा पैशांचा हिशेब झाला. आधी इटानरसेप्ट सुरू करण्यातून मिळणाऱ्या जास्तीच्या एका निरोगी वर्षामागे पहिल्या २४ आठवड्यांपुरता खर्च निघाला सुमारे २७ लाख डॉलर. बँकेत असं कर्ज कुणी मंजूर करणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. रॅकॅटमधले जवळपास निम्मे रुग्ण पुरुष होते, कारण बरेचसे माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आलेले. आमवात बायकांना जास्त होतो, त्यामुळे ही चाचणी जशीच्या तशी आईला लागू आहे असं मी म्हणणार नाही.

स्वीडनची ‘स्वेफॉट’ थोडं वेगळं सांगते. तिथे इंजेक्शन होतं इन्फ्लिक्सिमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकचं. एका वर्षाने चांगला प्रतिसाद इंजेक्शनवाल्या ३९ टक्क्यांत, ट्रिपलवाल्या २५ टक्क्यांत. दोन वर्षांनी हे अंतर बरंच मिटलं, पण हाडांची झीज इंजेक्शनच्या बाजूला थोडी कमीच राहिली. म्हणून ज्यांच्या पहिल्याच एक्स-रेत हाडं खाल्लेली दिसतात, सीआरपी (रक्तातलं सुजेचं माप) उतरायचं नाव घेत नाही, त्यांच्या डॉक्टरांनी सुईकडे बोट दाखवलं तर वाद घालू नये.

ट्रिपलची खरी अडचण रोजच्या जगण्यात कळते. सल्फासालाझिनच हळूहळू वाढवत दिवसाला चार गोळ्यांवर जातं. सुरुवातीला पोट ढवळतं, लघवी नारिंगी होते, कुणाला पुरळ येतं. पहिले तीन महिने रक्त वरचेवर तपासावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर हा रस्ता बंद. पुरुषांत शुक्राणू कमी होतात, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत होतात, पण हे आधी कुणी सांगत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी सुरुवातीला डोळे तपासायचे आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. (२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगाला ही गोळी करोनावरचा रामबाण वाटली आणि आमवात, ल्युपसवाले दुकानोदुकानी फिरत होते. ते दिवस विसरता येत नाहीत.) चाचणीबाहेर ट्रिपलवर टिकून राहणारे कमी असतात, याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. पण महिन्याचा खर्च हजार-दीड हजारात बसतो.

सुई : लवकर गुण, आणि टीबीची टांगती तलवार

बायोलॉजिकचा गुण बहुतेकदा लवकर येतो, गोळ्यांचा ढीग नाही. इटानरसेप्ट आठवड्यातून एकदा, अडालिमुमॅब पंधरा दिवसांतून. आपल्याकडे बायोसिमिलरमुळे, म्हणजे मूळ बायोलॉजिकसारख्याच दुसऱ्या कंपन्यांच्या औषधांमुळे, भाव उतरले. अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर २०१४ च्या डिसेंबरात भारतातच आलं. तरीही खर्च बहुतेकदा महिना पाच आकडी, आणि औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं. भारनियमनाच्या गावात राहणाऱ्याने हे नुसतं वाचून पुढे जाऊ नये. गावी जाताना बर्फाच्या पिशवीसह एसटीत डबा मांडीवर घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. विम्यात काय बसतं तेही कंपनीकडून लेखी घ्या. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणतो तो हप्ता भरेपर्यंत.

टीबीचं काय ते नीट समजून घ्या. टीएनएफ हा पदार्थ सांधा सुजवतो, पण तोच शरीरात निपचित पडलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवतो. ही इंजेक्शनं तो बंद पाडतात आणि मग कोंडलेले जंतू उठू शकतात. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० जणांना टीबी झाल्याचं प्रसिद्ध झालं. निम्म्यांना तो बारा आठवड्यांच्या आतच झाला आणि बहुतेक रुग्ण टीबी कमी असलेल्या देशांतले होते. आपल्याकडे तर निपचित टीबी घरोघरी. म्हणून छातीचा एक्स-रे, मांटू किंवा टीबीची रक्तचाचणी आणि हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय पहिली सुई टोचू देऊ नका. टीबीची चाचणी पॉझिटिव्ह आली तर आधी प्रतिबंधक औषध सुरू होतं, साधारण महिनाभराने इंजेक्शन.

टीबी होऊन गेलेल्यांना बरेचदा रिटुक्सिमॅब हे वेगळ्या प्रकारचं बायोलॉजिक सुचवतात, कारण त्यात हा धोका कमी. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा सलाइनमधून द्यायचं, मग महिनोन्‌महिने सुटी. ब्रिटनच्या ‘ऑर्बिट’ चाचणीत ते टीएनएफवाल्या औषधांना तोडीस तोड ठरलं आणि स्वस्तही पडलं. मात्र करोनात रिटुक्सिमॅब घेतलेल्यांचे हाल जास्त झाले.

जॅकची गोळी : सगळ्यांत सोयीची, म्हणूनच जपून

फ्रिज नाही, सुई नाही, सकाळ-संध्याकाळ एक गोळी. भारतात टोफासिटिनिबची जेनेरिक आल्यापासून तीही आवाक्यात. गुणाला कमी नाही. बॅरिसिटिनिब ही याच गटातली गोळी. २०१७ च्या ‘आरए-बीम’ चाचणीत तिने बाराव्या आठवड्याला अडालिमुमॅबला मागे टाकलं, २० टक्के सुधारणेच्या मापावर ७० विरुद्ध ६१ टक्के. बाबांचं मत लगेच तयार झालं, “हीच घेऊ.”

मी त्यांच्यापुढे ‘ओरल सर्व्हेलन्स’चे आकडे ठेवले. २०२२ ची चाचणी, ४३६२ रुग्ण, सगळे पन्नाशीचे किंवा पुढचे आणि प्रत्येकाला बीपी, साखर, धूम्रपान असा हृदयाचा किमान एक धोका. टोफासिटिनिबची तुलना टीएनएफ इंजेक्शनशी. साधारण चार वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काही झालेले ३.४ टक्के, इंजेक्शनवाले २.५ टक्के. कॅन्सर ४.२ विरुद्ध २.९ टक्के. शेकडा एकाचा फरक म्हणजे थोडा, असं वाटू शकतं. पण आई ५७ वर्षांची आहे, तिला बीपी आहे आणि ती रोज सकाळी मिस्री लावते. हे शेवटचं तिने डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं, मी तिच्यासमोर सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या चाचणीत जसे लोक घेतले होते तशीच ती.

शिवाय नागीण. जॅक गोळ्यांवर ती इंजेक्शनपेक्षा जास्त होते. आपल्याकडे नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो असं मानतात. तसं होत नाही, पण नंतरची आग महिनोन्‌महिने छळते. लस २०२३ पासून भारतात मिळते, महाग आहे. तिशीतल्या, निर्व्यसनी, हृदय ठणठणीत असलेल्या माणसासाठी माझं म्हणणं इतकं कडक नसतं.

माझी मामेबहीण एकोणतीसची, लग्नाला वर्ष झालंय. तिच्यासाठी हे सगळं वजन उलटंच पडलं. मूल हवं असेल तर मेथोट्रेक्झेट एक ते तीन महिने आधी बंद करावं लागतं, जॅक नकोच. सल्फासालाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालतात आणि टीएनएफमधलं सर्टोलिझुमॅब वारेतून बाळाकडे जवळपास जात नाही. आमच्या घरात हा प्रश्न डॉक्टरांनी नाही, तिच्या सासूबाईंनी काढला.

आयुर्वेदाचं विचाराल, तर कोइम्बतूरला ४३ रुग्णांवर शास्त्रशुद्ध आयुर्वेद, मेथोट्रेक्झेट आणि दोन्ही एकत्र अशी, कोण काय घेतंय ते लपवून, तुलना झाली, २०११ मध्ये प्रसिद्धही झाली. तिन्ही गटांना गुण आला. पण ४३ माणसं तीन गटांत वाटली की गटात पंधराही उरत नाहीत, तेवढ्यावर मी आईचं मेथोट्रेक्झेट बंद करणार नाही. आणि चार दिवसांत सूज उतरवणारी बिननावाची पुडी कुणी दिली तर तिच्यात स्टिरॉइड आहे असंच समजा.

या सगळ्या वाचनात मला हलवलं ते ग्लासगोच्या २००४ च्या ‘टिकोरा’ चाचणीने. तिथे बायोलॉजिक नव्हतीच. औषधं तीच जुनी, फरक एवढाच की एका गटाला दर महिन्याला बोलावून सांधे मोजायचे आणि आकडा उतरला नाही तर औषध वाढवायचं. दीड वर्षाने आजार शांत झालेले तिथे ६५ टक्के, नेहमीसारखी तपासणी होणाऱ्यांत १६ टक्के. त्यानंतर मी डॉक्टर निवडताना एकच बघते, ते सांधे दाबून मोजतात का. नीट मोजणारा अंगठ्याने इतपत दाबतो की त्याचंच नख पांढरं पडतं. खांदे, कोपर, मनगटं, बोटांची वीस पेरं, गुडघे मिळून अठ्ठावीस. पावलं त्यात येत नाहीत, ती आपणच सांगायची.

आईने ट्रिपल घेतलं. पाच महिने झालेत, सल्फासालाझिनला ती अजून शिव्या देते. मागच्या वेळी डीएएस ३.४ होता आणि कुकरचं झाकण तिचं ती लावते, पोळ्यांची बाई मात्र राहिली. डॉक्टरांशी सहा महिन्यांची मुदत ठरलीय. आकडा ३.२ च्या खाली आला नाही तर इटानरसेप्ट. टीबीची रक्तचाचणी आणि एक्स-रे करून फाइलला लावून ठेवलेत.