पाण्याला घाबरणाऱ्या मुलीसाठी एकवीस दिवसांची शिकाऊ बॅच

माझ्या सात वर्षांच्या मुलीचे नाव या जलतरण तलावावर मे महिन्याच्या शिकाऊ बॅचमध्ये घातले, तेव्हा ती पोहायला शिकेल अशी अपेक्षा मी ठेवलीच नव्हती. तिने रडारड न करता डोक्यावरून अंघोळ करू द्यावी, एवढेच मला हवे होते. त्याआधीच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका तलावावर तिसऱ्याच दिवशी तिला पाठीमागून पाण्यात ढकलण्यात आले होते. नाकातोंडात पाणी गेले, ठसका लागला, लगेच कोणीतरी वर काढले आणि इजा काही झाली नाही. परंतु त्यानंतर वर्षभर केस धुवायचे म्हटले की ती न्हाणीघराच्या दाराला घट्ट धरून उभी राहत असे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे वाक्य आपल्याकडे इतके रुजले आहे की ढकलणाऱ्याला आपले काही चुकले असे वाटतही नाही. माझे वडील सांगलीकडच्या एका विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. दोराचे टोक काकांच्या हातात आहे हे आपल्याला सतत दिसत असे, असे ते आजही आवर्जून सांगतात.

येथील प्रशिक्षक ताईंनी मुलीला असाच डोळ्यांना दिसणारा आधार दिला. पहिल्या दिवशी त्या तिच्यासोबत अडीच फूट खोलीच्या लहान तलावाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुला न सांगता काहीही करणार नाही. हात सोडायचा तो तू सांगशील तेव्हाच." एकवीस दिवसांत हा शब्द त्यांनी एकदाही मोडला नाही, आणि मी रोज गॅलरीत बसून पाहत होते म्हणूनच हे ठामपणे लिहीत आहे. पहिले तीन दिवस मुलगी कमरेपेक्षा खोल पाण्यात उतरली नाही. ती मगाने स्वतःच्या खांद्यावर पाणी ओतत असे आणि ताई शेजारी बसून तेच करत असत. चौथ्या दिवशी हनुवटी पाण्याला टेकवून "हूं" असा सूर काढायला सांगितले गेले. सूर चालू असेपर्यंत नाकातून हवा बाहेर पडत राहते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही, हे तिला कोणी समजावले नाही. बुडबुडे उठताना पाहून ते तिचे तिला कळले. त्या संध्याकाळी घरी बादलीत तोंड घालून ती कितीतरी वेळ "हूं" करत बसली होती.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो नंतरचा टप्पा. आपण समजतो की मुलाला बुडण्याची भीती वाटते, परंतु ताईंच्या म्हणण्याप्रमाणे पुष्कळ मुलांना भीती वाटते ती पाय सुटल्यावर पुन्हा उभे राहता येणार नाही याची. म्हणून त्यांनी तरंगायला शिकवण्याआधी उभे राहायला शिकवले: गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी पाणी खाली दाबायचे, डोके वर घ्यायचे आणि मग पाय टेकवायचे. कठड्याची नळी धरून तिने हे इतक्या वेळा केले की मलाच कंटाळा आला, पण ती कंटाळली नाही. त्यानंतर उताणे तरंगणे आले. ताईंचा तळहात तिच्या डोक्याखाली होता, कान पाण्यात होते आणि तिची बोटे ताईंच्या मनगटाभोवती इतकी आवळलेली होती की नखे पांढरी पडली होती. भीतीने मान ताठ झाली आणि डोके उचलले गेले की कंबर आणि पाय खाली जातात. छाती भरून श्वास घेऊन मान सैल सोडली की शरीर आपोआप वर येते. अकराव्या दिवशी एकेक करत ती बोटे सुटली आणि ती स्वतःच म्हणाली, "आता सोडा."

दंडाला बांधायचे हवेचे फुगे येथे वापरू देत नाहीत, याबद्दल काही पालकांची नाराजी आहे. मला हा नियम योग्य वाटतो, कारण त्या फुग्यांमुळे मूल पाण्यात उभेच राहते, तर पोहण्यासाठी आडवे व्हावे लागते. शिवाय ते फुगे म्हणजे जीवरक्षक साधन नव्हे. किकबोर्ड, म्हणजे हातांनी धरून पाय मारायची तरंगती फळी, मात्र तलावावरच मिळतो.

उणिवाही लिहिणे आवश्यक आहे. सकाळी सातच्या बॅचला पाणी गार असते. लहान मुलांच्या शरीरातील उष्णता मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते, आणि कुडकुडणारे मूल अंग आखडून घेते, म्हणजे भित्र्या मुलाची अडचण दुप्पट होते. आम्ही सहाव्या दिवसापासून दहाची बॅच घेतली आणि फरक लगेच जाणवला. दुसऱ्या आठवड्यात एका ताईंकडे आठ मुले आली. अशा मुलांसाठी ही संख्या चारच्या वर जाऊ नये. कपडे बदलण्याच्या खोलीतील फरशी निसरडी आहे. गॅलरीतून "घाबरतोस काय, मार मुटका!" असे ओरडणाऱ्या पालकांना व्यवस्थापनाने आवरायला हवे, कारण ताईंनी आठवडाभर मिळवलेला विश्वास त्या एका आरोळीने डळमळताना मी पाहिला आहे.

एकवीस दिवसांच्या शेवटी माझी मुलगी लहान तलावाची रुंदी किकबोर्डशिवाय, मध्ये एकदा उभी राहून, पार करते. मोठ्या तलावाकडे ती अजून गेलेली नाही आणि तिला कोणी नेलेलेही नाही. शेजारच्या मुलांनी तेवढ्याच दिवसांत अधिक प्रगती केली, हे खरे आहे. ज्यांना महिनाभरात मूल पोहते झालेले हवे आहे, त्यांना ही गती संथ वाटेल. आम्ही पुढच्या बॅचसाठीही नाव नोंदवले आहे. नोंदणीच्या अर्जात "इतर माहिती" असा एक रकाना असतो. आपल्या मुलाला आधी कुठे धक्का बसला असेल, तर तो तेथे स्पष्ट लिहावा. आम्ही तो लिहिला होता, आणि पहिल्या दिवशी ताई पायरीवर येऊन बसल्या त्या तो वाचूनच.