घर घेण्यापूर्वी महारेराचे संकेतस्थळ

हिंजवडी, वाघोली, रावेत अशा पुण्याच्या झपाट्याने वाढणाऱ्या भागांत कोणत्या गृहप्रकल्पाला खरी मागणी आहे, हे ‘शेवटचे काही फ्लॅट शिल्लक’ या ठरावीक घोषणेवरून कळत नाही. त्यासाठी महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी व नियमन करणाऱ्या राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचे, संकेतस्थळ हे विनामूल्य आणि बऱ्यापैकी भरवशाचे साधन आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला किंवा जाहिरातीतील क्यूआर कोड (ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे) स्कॅन केला, की एकूण सदनिका, त्यांपैकी विकल्या गेलेल्या सदनिका, मंजुऱ्या आणि ताब्याची मुदत पाहता येते. विकासकाला ही माहिती दर तिमाहीला अद्ययावत करावी लागते. त्यामुळे आकडे टिपून ठेवल्यास विक्रीचा वेग लक्षात येतो. मुदतवाढीची नोंद मला तर दरापेक्षाही बोलकी वाटते.

मात्र माहिती विकासकानेच भरलेली असते आणि जुन्या घरांची फेरविक्री येथे सापडत नाही. प्रत्यक्ष व्यवहार किती रकमेला झाला, हे पाहायचे असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहावी. तिच्यात मोबदला आणि बाजारमूल्य या दोन्ही रकमा असतात.