साताऱ्यात मिळणारा डायनोसॉरचा तक्ता
राजवाड्याजवळच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळणारा हा भिंतीवरचा तक्ता मुलांसाठी आवर्जून घ्यावा, कारण पक्षी हे डायनोसॉरचे दूरचे नातलग नसून थेरोपॉड (दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरच्या) गटाचीच आजवर टिकलेली शाखा आहेत, हे त्यात स्पष्ट दाखवले आहे. कोंबडीच्या छातीतले दुबेळक्यासारखे (Y आकाराचे) हाड टायरॅनोसॉरस या थेरोपॉडलाही होते, हे शेजारीशेजारी काढलेल्या दोन चित्रांतून लगेच ध्यानात येते. दात आणि पिसे दोन्ही असलेला, १८६१ मध्ये जर्मनीतून जगाला माहीत झालेला आर्किऑप्टेरिक्स हा पक्ष्यासारखा प्राचीन जीवही तक्त्यातल्या वंशवृक्षात योग्य जागी आहे. मात्र टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले उडणारे सरीसृप, पक्ष्यांच्या फांदीवर दाखवणे ही गंभीर चूक आहे. ते डायनोसॉर नव्हतेच आणि त्यांचे पंख लांबलेल्या चौथ्या बोटापासून ताणलेल्या कातडीचे होते. छपाई ठसठशीत आहे, कागदही जाड आहे.